नवरा झोपणार नाही असा रोमँटिक कॉमेडी सिनेमा सुचवा

गोधडी (धागाकर्ती)

शुक्रवारची रात्र. लेक साडेनवाला झोपते. दहाला आम्ही दोघं सोफ्यावर, मधे फरसाणाचा डबा. मग पाऊण तास रिमोट. हा नको, तो पाहिलाय, याचं रेटिंग कमी, ती मालिका निघाली. शेवटी काहीतरी लागतं आणि विसाव्या मिनिटाला शेजारून घोरण्याचा आवाज सुरू होतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, घरी बसून एकही सिनेमा आम्ही दोघांनी मिळून संपवलेला नाही. (थिएटरात संपवतो. तिथे तिकिटाचे पैसे त्याला जागं ठेवतात.)

अटी फार नाहीत. शेवटी कुणी मरायचं नाही. नायकाने मागे लागून लागून तिला 'हो' म्हणायला लावलेलं नको, त्या प्रकाराची मला कॉलेजपासून ॲलर्जी आहे. अडीच तासांच्या वर नको, कारण लेक पाण्यासाठी उठते. भाषा कुठलीही चालेल. सबटायटल वाचावी लागली तर तो जागा राहील अशी एक वेडी आशाही आहे.

आणि हो, 'मुंबई-पुणे-मुंबई' पाठ आहे. तो सुचवू नका.

चिवडा_इन_चीफ

मुंबई-पुणे-मुंबई.

गोधडी

वाटलंच होतं.

पाचवा_मजला

चिवड्याला माफ करा, पण त्याच सिनेमावरून सुरुवात करतो. २०१० चा तो पहिला भाग का चालला? स्थळ नाकारायला म्हणून मुंबईची मुलगी पुण्याला येते, एक मुलगा भेटतो, दिवसभर दोघं बोलत हिंडतात. बस. दोघांना नावंसुद्धा नाहीत. नावं मिळाली २०१५ च्या दुसऱ्या भागात, आणि नावांबरोबर सगळं गणगोतही आलं. मला तिथेच तो सिनेमा जरा कमी आवडायला लागला. दोन माणसं नुसती बोलतायत आणि आपण हलत नाही, हे फार कठीण काम आहे. सतीश राजवाडे, स्वप्नील जोशी, मुक्ता बर्वे तिघांनी ते एकदा जमवलं, आता पुरे.

तुम्हाला 'मुरांबा' (२०१७) सुचवतो. सुरुवातच अशी की पोरगा सकाळी उठून आईवडलांना सांगतो, आमचं ब्रेकअप झालं. प्रेम कसं जमलं हे नंतर तुकड्यातुकड्यांनी कळतं. अमेय वाघ आणि मिथिला पालकर गोड आहेतच, पण खरी जोडी सचिन खेडेकर आणि चिन्मयी सुमीत यांची. आपण आता पोरांच्या बाजूचे राहिलो नाही, त्या आईबाबांच्या बाजूला सरकलोय, हे मला तो बघताना पहिल्यांदा कळलं. दोन दिवस अस्वस्थ होतो.

सुपारीफुटली

मुरांबाला +१. त्यातल्या बाबांसारखा बाबा मला मिळाला असता तर मी रोज ब्रेकअप केलं असतं.

गिरगावकर_जुने

धागा वाचून गंमत वाटली. गोधडीताई, तुम्हाला सिनेमा सापडत नाही म्हणजे किमान सोफा आहे आणि लेकीला झोपायला वेगळी खोली आहे. आमच्या वेळी सगळं प्रकरण तिथेच अडायचं.

राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (१९७०) पाहा. 'का रे दुरावा' आणि 'प्रथम तुज पाहता' ही गाणी सगळ्यांना येतात, पण ती ज्या सिनेमातली आहेत तो मुळात जागेच्या अडचणीवर आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नवं जोडपं, मुंबईची चाळ, भरलेलं घर, आणि दोघांना एकमेकांशी चार शब्द बोलायला कोपरा नाही. दोनच वर्षांनी बासू चटर्जींनी तो हिंदीत 'पिया का घर' म्हणून केला, जया भादुरी होती. 'ये जीवन है' हे गाणं त्यातलं. परीक्षकांनी त्याला काय म्हटलं असेल ते असो, आम्ही चाळीतली मुलं हसत होतो ते रडू येऊ नये म्हणून.

माझं एक जुनं मत आहे. विलायती सिनेमात प्रेमाच्या आड राजवाडा येतो, बापाचा पैसा येतो. आपल्याकडे स्वयंपाकघराचं दार येतं, तेही नीट न लागणारं. पुढे बघा. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. चार पुरुषांपैकी दोघांनी साड्या का नेसल्या? प्रेमासाठी नव्हे, भाड्याच्या खोलीसाठी! प्रेम नंतर आलं, आणि साडीमुळेच अडचणीत आलं. मूळ हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) मध्ये तर नावातच मकान आहे. आणि २०१५ चा 'डबल सीट': अंकुश चौधरी, मुक्ता बर्वे, चाळ, स्वतःच्या घराचं स्वप्न. मुंबईचा जावईनंतर पंचेचाळीस वर्षांनी तीच अडचण, फक्त मध्ये गृहकर्ज आलं.

आम्ही एका खोलीत नऊ जण होतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी आणि ही रविवारी मॅटिनीला जायचो ते सिनेमासाठी नाही, तीन तास शेजारी बसता यावं म्हणून. काय बघितलं ते विचाराल तर अर्ध्या सिनेमांची नावंही सांगता येणार नाहीत.

चिवडा_इन_चीफ

काका, हा प्रतिसाद नाही, हा सिनेमा आहे. काढा.

सुपारीफुटली

अवांतर: बनवाबनवीला रोमँटिक कॉमेडी म्हणायचं का? मी तरी त्याला फक्त धनंजय माने म्हणते.

पाचवा_मजला

अशोक सराफ आणि अश्विनी भावे यांचा दुकानातला ट्रॅक आठवा. मालकीणबाईंच्या प्रेमात पडलेला नोकर, घरी खोटी बायको, आणि प्रत्येक खोट्यासाठी आणखी एक खोटं. रोमँटिक कॉमेडीचा सगळा सांगाडा त्यात आहे. आपण संवादच इतके पाठ केलेत की गोष्टीकडे लक्ष जात नाही.

रातराणी_एसटी

मला वाटतं गोधडीताईंनी थेट 'छोटी सी बात' (१९७६) लावावा. बासू चटर्जी, अमोल पालेकर, विद्या सिन्हा. बुजरा अरुण रोज बसस्टॉपवर प्रभाला बघतो, बोलायची हिंमत नाही. मध्ये स्कूटरवाला नागेश येतो, म्हणजे असरानी, तो टेबल टेनिसपासून बुद्धिबळापर्यंत प्रत्येक गोष्टीत पुढे. नागेशच्या स्कूटरला टक्कर द्यायला अरुण गॅरेजमध्ये जातो तर तिथले लोक एक मोडकी मोटरसायकल त्याच्या गळ्यात मारतात. शेवटी बिचारा खंडाळ्याला कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग यांच्याकडे प्रेमाची शिकवणी लावतो. अशोककुमार! प्रेमात नापास झालेल्यांचा क्लास चालवणारा निवृत्त कर्नल. नुसत्या नावाला हसू येतं.

कडीपत्ता

थांबा. धागाकर्तीची दुसरी अट वाचली का? नायकाने मागे लागलेलं नको. अरुण काय करतो? बसस्टॉपपासून ऑफिसपर्यंत तिच्या मागे जातो. रोज. आज एखाद्या मुलीने असं पोस्ट केलं की एक माणूस रोज माझ्या मागे ऑफिसपर्यंत येतो, तर आपण तिला 'किती गोड' म्हणणार का?

रातराणी_एसटी

काळ बघा हो. १९७६.

कडीपत्ता

१९७६ साली माझी आई फोर्टात नोकरी करायची. तिला विचारलं. तिच्या मागेही एक जण यायचा, आणि ती दोन महिने एक स्टॉप आधी उतरून चालत जायची. 'काळ' म्हणजे नेमका कुणाचा काळ, ते ठरवू या.

गिरगावकर_जुने

कडीपत्ता, मुद्दा पटला. मी ज्या पिढीतला आहे त्या पिढीने या गोष्टीकडे बघितलंच नाही.

पाचवा_मजला

मुद्दा पटतो, तरी सिनेमाच्या बाजूने एक सांगतो. दिग्दर्शकाने प्रभाला बिचारी ठेवलेली नाही. मागे कोण येतंय हे तिला पहिल्यापासून कळलेलं असतं, ती मैत्रिणीशी त्यावर बोलते, तिला गंमत वाटत असते. आणि अरुणच्या मनातले विजय आपण त्याच्या दिवास्वप्नांत बघतो, प्रत्यक्षात त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मागे लागणाऱ्या हिरोवर इतकं हसणारे हिंदी सिनेमे थोडे. अर्थात तिला गंमत वाटते हे लिहिणाराही पुरुषच, तेवढं कडीपत्त्याचं राहतंच.

कडीपत्ता

एवढं मान्य केलंत तर मीही एक कबूल करते. सिनेमा मला आवडतो. अशोककुमार दिसला की माझं सगळं तत्त्वज्ञान पाच मिनिटं सुट्टीवर जातं. पण नवऱ्याबरोबर बघायचा तर ताईंनी पॉज करून त्याला विचारावं, तू कुणाच्या मागे गेला होतास का म्हणून. त्याची झोप उडेल याची हमी माझी.

सुपारीफुटली

अगागा.

मंजुळा_फ्रॉम_मळा

बायकांनी केलेले बघायचे तर सई परांजपे. कडीपत्त्याच्या प्रश्नाला 'चश्मे बद्दूर'मध्ये (१९८१) सरळ उत्तर आहे. दिल्लीतली तीन पोरं, दोन आगाऊ आणि एक अभ्यासू. दोघं आगाऊ मुलीच्या मागे जातात, सपशेल आपटतात आणि परत येऊन मित्राला आपल्या पराक्रमाच्या थापा मारतात. त्यांनी सांगितलेली प्रेमकहाणी आपण हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या थाटात बघतो आणि खरं काय झालं तेही बघतो. अभ्यासू सिद्धार्थ मात्र कुठेच जात नाही, दीप्ती नवलच 'चमको' साबणाची पावडर विकायला त्याच्या दारात येते. मळलेला टॉवेल धुऊन दाखवणं याहून रोमँटिक काही मी पडद्यावर पाहिलेलं नाही. माझं लग्न तसंच चाललंय, फक्त टॉवेल मी धुते.

रच्याकने, २०१३ चा रिमेक लावू नका. नाव एकच असल्याने चुकून तोच लागतो. आमच्याकडे लागला होता.

रातराणी_एसटी

मग 'कथा' (१९८३) पण सांगा. तोही सई परांजपेंचा, मराठी नाटकावर बेतलेला, ससा-कासवाची गोष्ट. कासव नसीरुद्दीन शाह, ससा फारूख शेख. फारूख शेखसारखा सज्जन चेहरा लफंग्याच्या भूमिकेत घेणं ही कमाल आहे. चाळ आहे काका, तुम्हाला आवडेल.

गिरगावकर_जुने

पाहिलाय. चाळीतली नळावरची भांडणं इतक्या आपुलकीने दुसऱ्या कुणी दाखवली नाहीत. पण गोधडीताई, त्याचा शेवट पाहून तुमचं नवऱ्याशी वाजेल. संध्याने जे ठरवलं ते बरोबर की तिच्यासमोर दुसरी वाट नव्हती, यावर आमच्याकडे एकदा रात्री एकपर्यंत चाललं होतं.

गोधडी

भांडण चालेल. भांडणात तो झोपत नाही.

खिडकीकडची_सीट

धाग्याला थोडं वेगळं वळण देते. मी नेदरलँड्समध्ये एकटी राहते, माझ्या सोफ्यावर घोरणारं कुणी नाही. एकटीने रोमँटिक कॉमेडी बघायची म्हणजे बिचारेपणा, असं लोकांना का वाटतं कळत नाही. उलट एकट्याने बघताना हिरो आवडला तर मनसोक्त आवडवून घेता येतो.

एकटीसाठी माझा पहिला नंबर 'क्वीन' (२०१४). लग्न मोडतं आणि राजौरी गार्डनची राणी हनिमूनला एकटी निघते, पॅरिस आणि मग ॲमस्टरडॅम. तिथे होस्टेलच्या एका खोलीत तीन परके पुरुष. आई ओरडेल असं सगळं, आणि तिला त्यातच मित्र मिळतात. मी इथे आले तेव्हा पहिले तीन आठवडे मला दुकानात ब्रेड मागायलाही घाम फुटायचा. तो सिनेमा मी तेव्हा दोनदा पाहिला. हा प्रेमपट नाही असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, प्रेमकथाच आहे, नवरा तेवढा वगळलाय.

दुसरा फ्रेंच 'अमेली' (२००१). मोंमार्त्रच्या कॅफेत काम करणारी मुलगी सगळ्यांची कामं परस्पर जुळवते आणि स्वतःची वेळ आली की दार उघडत नाही. बुजऱ्या माणसांनी बघावा. अरुणला ही भेटली असती तर दोघंही बसस्टॉपवरच म्हातारी झाली असती.

गिरगावकर_जुने

खिडकीकडची, तुमचं खरं आहे. मीही आता एकटाच बघतो. खोल्या तीन आहेत, सोफा मोठा आहे. मॅटिनीला तेव्हा शेजारी बसून जे सिनेमे बघायचे राहिले, ते आता एकेक बघून संपवतोय. नावं आठवत नाहीत म्हटलं ना, गाणं लागलं की आठवतात.

मंजुळा_फ्रॉम_मळा

काका...

चिवडा_इन_चीफ

मी काही बोलत नाही.

रातराणी_एसटी

विषय हलका करतो. माझ्या आयडीला शोभेल असा. १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट', फ्रँक काप्रा, क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोलबर्ट. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी, नोकरी गेलेला पत्रकार, आणि मायामीहून न्यूयॉर्कला जाणारी रात्रीची बस. आपल्या रातराणीसारखीच, शेजारचा खांद्यावर डोकं टाकतो ती. मुक्कामाच्या खोलीत दोन खाटांमध्ये दोरीवर घोंगडी टांगून ते भिंत उभी करतात. गिरगावकरकाकांच्या सिद्धान्ताला अपवाद निघतो बघा, इथे विलायती प्रेमाच्या आडही घोंगडीच! ऑस्करमधली पाचही मोठी बक्षिसं याला मिळाली: चित्रपट, दिग्दर्शन, नट, नटी, पटकथा.

राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' (१९५६) आणि आमिर-पूजा भट्टचा 'दिल है के मानता नहीं' (१९९१) दोन्ही याच बसमधून उतरलेत. नव्वद वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा म्हणून घाबरू नका. भांडणाचा वेग आजच्या वेबसीरिजला जमत नाही.

पाचवा_मजला

त्याला जोडून 'रोमन हॉलिडे' (१९५३) येणार कुणीतरी, म्हणून आधीच सांगतो. ऑड्री हेपबर्न, ग्रेगरी पेक, स्कूटर, रोम, सगळं अप्रतिम. पण शेवटी दोघं एकत्र येत नाहीत. ताई, तुमची अट 'कुणी मरायचं नाही' एवढीच होती, पण तो शेवट मरणाच्या जवळपास जातो. शुक्रवारी नको, रविवारी दुपारी बघा.

कडीपत्ता

मी 'दम लगा के हईशा' (२०१५) टाकते आणि पळते. हरिद्वार, १९९५, कॅसेटचं दुकान, कुमार सानू. मनाविरुद्ध लग्न झालेलं जोडपं लग्नानंतर हळूहळू प्रेमात पडतं. जाडेपणावरून नवरा बायकोचा अपमान करतो तेव्हा ती गप्प बसत नाही, कानाखाली देते. भूमी पेडणेकरचा पहिला सिनेमा. शेवटी बायकोला पाठीवर घेऊन पळायची शर्यत आहे. विषयाला धरून 'मोह मोह के धागे'ही त्यातलंच.

सुपारीफुटली

नवऱ्याला सांगा, झोपलास तर ती शर्यत घरी होईल.

गिरगावकर_जुने

जाता जाता दोन अगदी जुने. 'ब्रह्मचारी' (१९३८), मास्टर विनायक, लेखन आचार्य अत्रे. भाषण ऐकून आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेणारा औदुंबर, नट्यांच्या तसबिरी फेकून देतो आणि आश्रमात जातो. मग तिथे मीनाक्षी शिरोडकर येतात. पोहण्याच्या पोशाखातलं 'यमुनाजळी खेळू खेळ कन्हैया' तेव्हा किती गाजलं ते आमचे वडील आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगायचे. दुसरा 'लाखाची गोष्ट' (१९५२), राजा परांजपे, गदिमा, सुधीर फडके. कफल्लक कलावंताला मुलीचा बाप म्हणतो, हे एक लाख घे आणि महिन्यात खर्च करून दाखव. गाण्यांसाठी तरी बघाच, 'डोळ्यांत वाच माझ्या' त्यातलं.

गोधडी

मंडळी, अहवाल.

काल रात्री 'छोटी सी बात' लावला. कडीपत्त्याची युक्ती वापरली, पॉज करून विचारलं. म्हणाला, "मागे जायला वेळ कुठे होता, तुझ्या बाबांनी थेट पत्रिका पाठवली." मोटरसायकल गळ्यात मारतात तिथे तो उठून बसला, इंजिनाच्या आवाजावरून नेमका काय बिघाड असेल ते मला समजावलं. मला वाटलं, जिंकलो. अशोककुमार यायच्या आधी घोरायला लागला.

मी उठवलं नाही. एकटीने शेवटपर्यंत पाहिला. खंडाळ्याच्या शिकवणीला इतकी हसले की लेक उठून बाहेर आली, मग अर्धा तास ती माझ्या मांडीवर. तिला काही कळलं नाही, तरी टेबल टेनिसला टाळ्या वाजवत होती.

सकाळी पोहे करताना हा ओट्याजवळ येऊन उभा. "मग पुढे काय झालं?" मी सांगायला लागले. लहानपणी शेजारचा दादा थिएटरात सिनेमा बघून यायचा आणि जिन्यात बसून आम्हाला सगळी स्टोरी सांगायचा, ढिशुम-ढिशुमसकट, तसं. कर्नलचा आवाज काढला, असरानीची स्कूटर काढली. पोहे खाली लागले. हा मध्ये प्रश्न विचारत होता, "आणि ती काय म्हणाली?", "तेव्हा तिला माहीत होतं का?" अकरा वर्षांत सिनेमात एवढा जागा मी त्याला पाहिला नव्हता. त्याचंही मत पडलंय, अरुणने ट्रेनिंगचे पैसे वाया घालवले, आधीच बोलला असता तर फुकटात झालं असतं.

तर आता असं ठरलंय की शुक्रवारी मी बघायचं, शनिवारी त्याला सांगायचं. पुढचा 'लाखाची गोष्ट'. महिन्यात लाख रुपये संपवायचे असतील तर तू काय करशील, असं आधीच विचारून ठेवलं.

म्हणाला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, आणि तेही पुरणार नाहीत.

चिवडा_इन_चीफ

कोटेशन मागवा. आणि शनिवारचे पोहे किती वाजता?